लाल दिसत नाही

पाणीपुरवठा कार्यालयात ज्यांना सगळे डॉक्टर म्हणत, ते मुळात पत्रव्यवहार विभागाचे हेडक्लार्क होते. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, ते कुठल्या तरी टेबलावर पाठवायचं आणि तिथून परत आलं नाही की सुटकेचा श्वास सोडायचा, एवढंच त्यांचं काम. डॉक्टरकी त्यांना अपघातानेच चिकटली.

झालं असं, की एका सकाळी मोठ्या साहेबांचा मॉनिटर काळा पडला. टेबलाभोवती तीन अधिकारी गंभीर चेहऱ्याने उभे होते. एकाच्या मते व्हायरस होता, दुसऱ्याच्या मते मॉनिटरचं आयुष्य संपलं होतं, आणि तिसऱ्याचं मत साहेबांचं मत कळल्यावर ठरणार होतं. तेवढ्यात हेडक्लार्क सहीची फाइल घेऊन आले. पेन हातातून निसटून टेबलाखाली गेलं, ते शोधायला ते वाकले, आणि उठताना त्यांचं डोकं मागे लोंबणाऱ्या वायरींसकट टेबलाच्या कडेवर जोरात आपटलं. मॉनिटर उजळला.

"काय केलंत तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

हेडक्लार्क टाळू चोळत उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांना डोक्याला लागलं होतं आणि पेन अजून सापडलं नव्हतं. पण चार माणसं त्यांच्याकडे आदराने बघत होती, आणि हा अनुभव त्यांना नोकरीत प्रथमच येत होता.

"कनेक्शन होतं," ते म्हणाले.

"डॉक्टर आहात की तुम्ही," साहेब म्हणाले, आणि त्या दिवसापासून कार्यालयात कुणाचाही पडदा रुसला की डॉक्टरांना बोलावणं येऊ लागलं.

डॉक्टरांनी हळूहळू आपलं शास्त्र तयार केलं. आधी बंद करून चालू करायचं. नाही जमलं तर वायर दोन्ही टोकांना घट्ट दाबायची. तरीही नाही जमलं तर मॉनिटरच्या कडेचं बटण चित्र येईपर्यंत दाबत राहायचं. आणि ह्या सगळ्याच्या आधी, मध्ये आणि नंतर "हं" म्हणायचं. बहुतेक दुखणी एवढ्यावर बरी होत. जी होत नसत ती डॉक्टर वेगळ्या तऱ्हेने बरी करत. टायपिस्टबाईंच्या पडद्यावरचं सगळं एकदा आडवं झालं, अक्षरं कुशीवर झोपल्यासारखी दिसू लागली. डॉक्टरांनी थोडा वेळ मान वाकडी करून पाहिलं आणि मॉनिटरच कुशीवर करून दोन जाड फायलींच्या आधाराने उभा केला. टायपिस्टबाईंचं काम सुरू झालं. पुढे कुणाच्या तरी हातून दोन-तीन कळा एकदम दाबल्या गेल्या आणि अक्षरं आपोआप सरळ झाली, तेव्हा मॉनिटर कुशीवर असल्यामुळे ती पुन्हा वाकडी दिसू लागली. डॉक्टरांना परत बोलावलं गेलं. त्यांनी मॉनिटर सरळ केला आणि दुसऱ्यांदा वाहवा मिळवली.

सभागृहातला प्रोजेक्टर मात्र त्यांचा खास रोगी. त्याचं चित्र वर रुंद आणि खाली अरुंद पडायचं, पायजम्यासारखं. डॉक्टरांनी त्याच्या मागच्या पायाखाली कार्यालयाचे जुने वार्षिक अहवाल सरकवले आणि चित्र चौकोनी झालं. त्या अहवालांचा कुणाला काही उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ.

घरी हे वैद्यकीय यश फारसं चालत नसे. त्यांची बायको घरीच शिवणकाम करायची आणि दिवसभर मशीनवर बसून जगाबद्दल स्वतःची मतं बनवायची. डॉक्टर संध्याकाळी आपली शस्त्रक्रिया रंगवून सांगू लागले की ती दोरा दाताने तोडत म्हणे, "म्हणजे वायर दाबलीत."

"नुसती दाबून होत नाही. कुठली दाबायची ते कळावं लागतं."

"मग आपला नळ दाबून बघा एकदा. पाणी बरं येतंय का."

पाण्याचं दुखणं मात्र खरं होतं. त्यांच्या गल्लीत येणारं पाणी पिवळट असे आणि त्याला गंजाचा वास येई. पाणीपुरवठ्यात नोकरी करणाऱ्या माणसाच्या गल्लीत असलं पाणी यावं, ह्याबद्दल शेजारीपाजारी जे बोलत ते डॉक्टरांच्या कानावर पडत असे, आणि पडलं नाही तर बायको ते पोहोचवत असे.

अशात कार्यालयात एक तरुण इंजिनिअर बाई रुजू झाल्या. त्यांनी आल्याआल्या एक चमत्कारिक गोष्ट केली. त्या बाहेर पडल्या. टेबलावर बसून पाइपांची माहिती लिहायची सोडून त्या गल्लोगल्ली हिंडल्या, झाकणं उघडून आत डोकावल्या, लोकांच्या घरात जाऊन नळाखाली ओंजळ धरली. डॉक्टरांच्या घरीही आल्या. बायकोने भरलेला पेला त्यांच्या पुढे धरला आणि म्हणाली, "प्या म्हणत नाही. नुसता वास घ्या."

पावसाळ्यानंतर बाहेर पडलेल्या बाई उन्हाळा तोंडावर आला तेव्हा परतल्या त्या एक मोठा नकाशा घेऊन. शहरातला प्रत्येक पाइप त्यात होता. चांगले पाइप काळ्या रेघेने दाखवले होते, सडलेले लाल रेघेने, आणि पाण्याच्या टाक्या निळ्या. कार्यालयाने बाईंचं कौतुक केलं नाही, पण त्यांना 'नकाशाबाई' म्हणायला सुरुवात केली. डॉक्टरांनी नकाशात आपली गल्ली शोधली. ती टोकापासून टोकापर्यंत लाल होती. स्वतःच्या घरासमोर एवढी ठळक रेघ बघून त्यांना काहीसा अभिमानच वाटला.

"आता समितीपुढे जाणार हे," त्यांनी घरी सांगितलं. "एकदा समितीने पाहिलं की काम झालंच म्हणून समज."

समिती म्हणजे निवडून आलेल्या लोकांची. अध्यक्ष वजनदार होते, शरीरानेही. सभेच्या दिवशी सभागृह भरलं, दिवे मालवले, नकाशाबाईंनी लॅपटॉप जोडला, आणि पडद्यावर निळ्या रंगात सिग्नल नसल्याची सूचना इकडून तिकडे फिरू लागली.

लगेच सभागृहात ज्ञानाला पूर आला. एक सदस्य म्हणाले, बॅटरी गेली असेल. दुसरे म्हणाले, दिवे लावून बघा. अध्यक्षांनी आपल्या पुतण्याकडे असाच प्रोजेक्टर असून तो कसा उत्तम चालतो ते सविस्तर सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, "डॉक्टरांना येऊ द्या."

डॉक्टर उठले. "हं" म्हणाले. बंद केलं, चालू केलं. मग प्रोजेक्टरच्या मागे जाऊन केबल दाबली आणि पडद्यावर नकाशा उमटला. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. नकाशाबाईंनी चार-पाच महिने पायपीट केली त्याला नाही वाजवल्या, ह्याला वाजवल्या.

पण नकाशा जरा विचित्र दिसत होता. पांढरा कागद शेवाळलेल्या पाण्यासारखा हिरवट निळा झाला होता, आणि शहरभरच्या रेघा सगळ्या काळ्या होत्या.

"लाल दिसत नाहीये," नकाशाबाई हळूच म्हणाल्या.

हे दुखणं डॉक्टरांना ठाऊक होतं. ती केबल जुनी होती. तिच्या टोकाला बारीक पिना होत्या, एकेका रंगाची एकेक, आणि बाजूचा स्क्रू ढिला झाला की लाल रंगाची पिन नीट टेकत नसे. मग लाल रंग पडद्यापर्यंत पोहोचतच नसे आणि लाल रेघ काळी दिसे. टेकवून स्क्रू पिळला की झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रोग आणि औषध दोन्ही नेमकं माहीत होतं. ते उठू लागले.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "काळी रेघ म्हणजे काय?"

"चांगला पाइप," नकाशाबाई म्हणाल्या. "पण साहेब, इथे..."

"सगळ्याच काळ्या आहेत की मग."

कोपऱ्यात रंगांची खूण दिली होती. तिथे 'चांगला' ह्या शब्दापुढे एक काळा चौकोन होता आणि 'सडलेला' ह्या शब्दापुढेही तसाच काळा चौकोन. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एका सदस्याने आपला वॉर्ड शोधला, तो काळाभोर बघून त्याची छाती फुगली. दुसऱ्याने आपला शोधला. मोठ्या साहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांच्या प्रसन्न चेहऱ्याकडे, आणि मग अर्धवट उठलेल्या डॉक्टरांकडे.

"बसा डॉक्टर," ते म्हणाले. "छान दिसतंय. डोळ्यांना गार वाटतं."

"साहेब, लाल रंग..." नकाशाबाई म्हणाल्या.

"तपशील आपण कार्यालयात बघू."

नकाशाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांपासून प्रोजेक्टर हातभर अंतरावर होता. डॉक्टरांनी खुर्चीची पाठ हाताने चाचपली आणि ते बसले. पाइपांची इतकी उत्तम स्थिती राखल्याबद्दल समितीने कार्यालयाच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने केला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डॉक्टरांना केबिनमध्ये बोलावलं. "ती केबल," ते म्हणाले, "माझ्या कपाटात ठेवा. जुनी आहे, कुणी उगीच पिळापिळी करायला नको." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. आठवड्याभरात डॉक्टरांना हाताच्या दांड्यांची खुर्ची मिळाली. तिच्यात बसलं की कोपर आरामात टेकत असे, आणि टेकवलेलं कोपर बघत डॉक्टर बराच वेळ बसून राहत.

घरी बायकोने विचारलं, "काय झालं आपल्या गल्लीचं?"

"पडदा बिघडला होता."

"मग तुम्ही कशाला होतात तिथे?"

ह्याला "हं" हे उत्तर पुरेसं नव्हतं. डॉक्टरांनी आमटी वाढून घेतली. त्यानंतर बायकोने त्यांना कार्यालयातल्या गमती विचारणं बंद केलं. ती पाणी गाळायची, उकळायची, परत गाळायची, आणि ते भांडं मुद्दाम त्यांच्या समोरून नेत असे. नकाशाबाईंनी त्यांना नमस्कार करायचं सोडलं नाही, पण त्यांच्या नमस्कारात आता पूर्वीचं काही राहिलं नव्हतं. बाईंनी लेखी कळवलं, पुन्हा कळवलं. ती पत्रं डॉक्टरांच्याच टेबलावरून पुढे जात. ते शिक्का मारत, आणि पत्र परत आलं नाही की आता त्यांना सुटल्यासारखं वाटत नसे.

गल्लीतल्या एका घरातली म्हातारी आजारी पडली, तिच्यापाठोपाठ समोरच्या घरातली दोन मुलं. दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मुलांची आई शिवायला टाकलेलं झबलं न्यायला आली तेव्हा हे सांगत होती. डॉक्टर आतल्या खोलीत पेपर वाचत होते. "तुमचे हे तिथेच आहेत ना कामाला?" असं तिने विचारलेलं त्यांना ऐकू आलं. बायकोने काय उत्तर दिलं ते मात्र ऐकू आलं नाही, मशीन चालू झालं होतं.

वर्ष संपता संपता समितीची आढावा सभा ठरली. नकाशा तोच, आता आणखी लाल झालेला. साहेबांनी कपाट उघडून केबल डॉक्टरांच्या हाती दिली आणि म्हणाले, "मागच्यासारखंच होऊ द्या."

डॉक्टर सभेच्या आधी सभागृहात गेले. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी केबल जोडली, चष्मा कपाळावर चढवून पिना बघितल्या. एक जरा कललेली होती, ती त्यांनी नखाने सरळ केली. मग स्क्रू बोटांनी पिळला, आणि तो पुढे जाईना तेव्हा खिशातल्या नाण्याने आणखी पिळला.  मग केबल ओढून पाहिली, ती हलली नाही.

सभा सुरू झाली, दिवे गेले, आणि पडद्यावर पांढऱ्या शुभ्र कागदावर शहर उमटलं. अर्ध्याहून जास्त लाल.

सदस्यांनी आपापले वॉर्ड शोधले. मग अध्यक्ष म्हणाले, "प्रोजेक्टर बिघडला वाटतं."

"हो, लाल मारतोय," एक सदस्य म्हणाले.

"आमच्या टीव्हीला असंच झालं होतं. सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे दिसायचे."

साहेब डॉक्टरांकडे वळले. अंधारातही त्यांची नजर लागत होती. "डॉक्टर, बघा जरा."

डॉक्टर उठले, पण प्रोजेक्टरकडे गेले नाहीत. "साहेब, बिघडलेला नाही. मागच्या वेळी बिघडला होता. आता बरा झालाय."

सदस्य हसले. विनोद म्हणून चांगला होता. मग एकाने उठून स्वतःच प्रोजेक्टर बंद करून चालू केला. लाल परत आलं. दुसऱ्याने केबल दाबली. लाल तसंच राहिलं. तिसऱ्याने कडेचं बटण दाबलं तर नकाशा गेला आणि सिग्नल नसल्याची सूचना फिरू लागली. त्यावर दोघे-तिघे म्हणाले, आता जरा बरं वाटतंय. डॉक्टरांचं आयुष्यभराचं शास्त्र त्यांच्या डोळ्यांदेखत वापरून संपलं, आणि रोग काही हटेना, कारण रोग पडद्याला नव्हताच.

नकाशाबाई पुढे झाल्या. "त्या लाल रेघा खऱ्या आहेत. हे पाइप सडलेत. लोक आजारी पडतायत."

"पण मागच्या सभेत नव्हत्या," अध्यक्ष म्हणाले.

"तेव्हाही होत्या. दिसल्या नाहीत."

"मागच्या सभेत आम्ही अभिनंदनाचा ठराव केला, बाई." अध्यक्षांचा आवाज फार समजूतदार झाला. "तो आम्ही बिघडलेल्या पडद्यावर केला, असं तुमचं म्हणणं आहे का?"

तसं म्हणणं अर्थातच कुणाचंच नव्हतं. निदान ज्यांना पुढे नोकरी करायची होती त्यांचं तरी. नकाशाबाईंनी "हो" म्हटलं, पण तोवर सगळे एकदम बोलायला लागले होते. जुना प्रोजेक्टर निकालात काढून नवा घ्यावा, आणि तो येईपर्यंत नकाशाचा विषय पुढे ढकलावा, असं सर्वानुमते ठरलं. बाहेर पडताना एक सदस्य दुसऱ्याला म्हणाला, "डॉक्टरांचा हात गेला आता. वय झालं."

दांड्यांची खुर्ची त्याच आठवड्यात आस्थापना विभागाला लागली. साहेब डॉक्टरांशी बोलेनासे झाले. टायपिस्टबाईंचा पडदा काळा पडला तेव्हा त्यांनी बाहेरून माणूस बोलावला. पत्रव्यवहार विभागात आता ते पुन्हा हेडक्लार्क होते. त्यांनी घरी सगळं सांगितलं, केबलसकट, मागच्या सभेत बसून राहिल्यासकट. बायको मशीन थांबवून ऐकत होती.

"म्हणजे स्क्रू पिळलात," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"वर्षभर लागलं."

"हो."

ती उठली, त्यांच्यासाठी चहा टाकला आणि आतूनच म्हणाली, "पडद्यावर ह्यांना दिसत नसेल तर कागदावर छापा की. कागदाला कुठली वायर असते?"

त्यांनी ही गोष्ट नकाशाबाईंना सांगितली. बाई पहिल्यांदा हसल्या, मग विचारात पडल्या. नकाशा गुप्त नव्हता. नागरिकांना माहितीसाठी लावायला हरकत नाही, असं नियमातच होतं, फक्त तो नियम कुणी वापरला नव्हता. त्यांनी तो मोठ्या तुकड्यांत छापून घेतला. हेडक्लार्कांनी मधल्या सुट्टीत तक्रारखिडकीसमोरच्या भिंतीवर ते तुकडे कडेला कडा जुळवून चिकटवले. खुर्चीवर उभं राहून हात उंच करताना त्यांची पाठ धरली.

त्या खिडकीसमोर रोज रांग असे. रांगेतल्या माणसाला बघायला काहीतरी लागतंच. आधी एका बाईंनी आपला चौक शोधला, मग त्यांच्या मागच्याने आपली शाळा. बघता बघता रांग मोडली आणि भिंतीपाशी घोळका झाला. माणसं आपापल्या गल्लीवर बोट ठेवत होती. काळ्या गल्लीतले लोक लाल गल्लीतल्यांकडे जरा बेताने बघत होते. दुसऱ्या दिवशी लोक शेजाऱ्यांना घेऊन आले. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कांची बायको आली, गल्लीतल्या सगळ्या बायका घेऊन, त्यात त्या दोन मुलांची आईही. प्रत्येकीच्या हातात आपापल्या नळाच्या पाण्याची बाटली.

साहेब जेवून परत येत होते. त्यांना घोळक्यातून वाट काढावी लागली. "हे कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी," हेडक्लार्क म्हणाले. ते आपल्या टेबलावरून उठून येऊन उभे होते.

"छपाईत लाल जरा जास्त झालेलं दिसतंय."

हेडक्लार्क काही बोलणार तोच त्यांच्या बायकोने हातातली बाटली साहेबांपुढे धरली. "वास घेऊन बघा, साहेब. छपाईचा येतो का."

 साहेबांनी बाटली हातात घेतली, कारण एवढ्या लोकांसमोर न घेणं जमलं नसतं. तिच्या मागून दुसरीने पुढे केली, मग तिसरीने. साहेबांच्या दोन्ही हातांत बाटल्या झाल्या तरी येतच होत्या.

महिन्याभरात खोदकाम सुरू झालं. जिथून लोक सगळ्यात जास्त संख्येने आले, तिथे आधी. ज्या गल्ल्यांतून कुणी आलं नाही त्या तशाच राहिल्या, आणि त्यांच्यासाठी नकाशाबाई अजून पत्रं लिहितात. पाइप बदलण्याच्या तत्पर निर्णयाबद्दल समितीने स्वतःचं अभिनंदन केलं. हेडक्लार्कांची बदली गोदामात झाली. तिथे एकही पडदा नाही, जुने नळ आणि मीटर आहेत. खंदक त्यांच्या दारासमोर आला त्या दिवशी त्यांनी रजा टाकली. बायको आणि ते पायरीवर बसून गंजलेला पाइप बाहेर निघताना बघत होते. तो इतका खाल्लेला होता, की मजुराने उचलताच मधोमध मोडला.

"बघा," बायको म्हणाली, "ह्याला दाबून काही झालं नसतं."

"नाही," ते म्हणाले, आणि मजुरांना पाणी हवंय का विचारायला उठले. मग उकळून गाळलेलं भांडं आणायला आत गेले.